मोकळा तास

आयुक्तबाईंनी दिव्याच्या बटणाकडे हात नेला, तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीनं त्यांची बाही धरून तो हलकेच खाली आणला.

"नको. तास सुरू झालाय."

आवाज उद्धट नव्हता. आजारी माणसाची समजूत काढावी, तसा होता. तोवर बाकीच्या मुलांनी पडदे ओढून घेतले होते आणि भर दुपारी वर्गात तिन्हीसांजेसारखा काळोख साचला होता. आयुक्तबाई मुकाट्यानं मागच्या बाकावर, वर्गशिक्षिकेशेजारी जाऊन बसल्या.

हा तास त्यांचाच. देशातल्या शाळा नव्यानं घडवायच्या म्हणून नेमलेल्या समितीत वर्षभर घोळ चालला होता. ही मुलं मोठी होतील तेव्हा त्यांना काय लागेल? कुणी यंत्रं म्हणे, कुणी परभाषा, कुणी शेती. एकमेकांच्या उरावर बसायचंच काय ते बाकी राहिलं होतं. शेवटी आयुक्तबाईंनी टेबलावर हात आपटला. "आपल्याला कुणालाच ठाऊक नाही, हे कबूल करू या की! रोजचा एक तास मोकळा ठेवा. मुलं भरतील." त्यावर टाळ्या पडल्या होत्या.

मुलांनी तो भरला. गावोगावच्या शाळांत, एकमेकांना न विचारता, अगदी एकाच तऱ्हेनं. मग वरच्या अधिकाऱ्यांत चुळबूळ सुरू झाली. तास चालू ठेवायचा की बंद करायचा, ते आयुक्तबाईंनी स्वतः पाहून सांगायचं होतं. त्यांनी मुद्दाम ही शाळा निवडली. इथे त्यांची नात होती.

काळोखात बाकं सरकली, पण आवाज झाला नाही. मुलं रांगेत उभी राहिली, प्रत्येकानं पुढच्याच्या सदऱ्याचं टोक धरलं. पहिलीची चिमुरडी दाराशी येऊन थांबली होती. वर्गातल्या मुलांनी त्यांना एकेक करून कडेवर घेतलं. एक लहानगा कुरकुरला, तशी त्याला घेणाऱ्या मुलीनं त्याच्या तोंडावर तळवा ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. ती आयुक्तबाईंची नात होती. घरी हिला पाण्याचा पेला उचलून ठेवायचा कंटाळा.

"हे तुम्ही शिकवलंत?" आयुक्तबाईंनी विचारलं.

"मी?" शिक्षिका कुजबुजली. "गणिताला हीच मंडळी छप्पर डोक्यावर घेतात. आधी वाटलं, काहीतरी खेळ असेल. विचारलं, तर मुलं म्हणाली, तयारी."

"कशाची?"

"तेही विचारलं. माझी कीव आल्यासारखी बघत राहिली. मग मी नाद सोडला."

रांग दाराकडे सरकू लागली. शिक्षिका जागची हलली नाही.

"तुम्ही नाही जात त्यांच्याबरोबर?"

"नाही. मी दार लावते."

"बाहेरून?"

"आतून." शिक्षिकेनं ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "कुणीतरी लावायला हवं ना. पहिल्यांदा मी उठून त्यांच्यामागे निघाले, तर सगळी थांबली. रागावली नाहीत हं. एकीनं मला हाताला धरून परत आणून बसवलं."

आयुक्तबाईंनी एक सही केली की हे सगळं संपणार होतं. त्या ताडकन उठल्या, रांगेपाशी गेल्या आणि नातीच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाळा, पुरे झालं. चल, घरी जाऊ."

नात थांबली. तिच्यामागची सगळी रांग थांबली. कडेवरचा मुलगा तिच्या मानेत तोंड खुपसून झोपला होता.

"आजी, हा जड आहे गं," ती म्हणाली. "रोज केलं तरच जमतं. सवय मोडली, तर मला याला तिथवर नाही नेता येणार."

"कुठवर?"

मुलाला पहिल्यांदा शाळेच्या फाटकाशी सोडून निघताना मोठ्यांचा होतो, तसा नातीचा चेहरा झाला होता.

"आज बाईंच्या ऐवजी तू लावशील दार?"

आयुक्तबाईंनी तिच्या खांद्यावरचा हात काढला. झोपलेल्या मुलाचा एक पाय लोंबत होता, तो उचलून तिच्या कमरेशी नीट बसवून दिला. रांग पुढे गेली. शेवटचं मूलही गेलं. मग त्यांनी दार ओढून घेतलं, कडी सरकवली आणि लाकडाला कान लावून उभ्या राहिल्या.

"येत नाही ना आवाज?" काळोखातून शिक्षिका म्हणाली. "आधी यायचा. आता छान जमतं त्यांना."