शेवटचं कोण?

इथे स्पेनच्या किनाऱ्यावर माझ्याकडे खोली घेणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी किल्लीबरोबर चार गोष्टी सांगते. पूर्वेचा लेव्हान्ते वारा सुटला की लांबच्या किनाऱ्यावर जाऊ नका, डोळ्यांत वाळू जाईल. ला कालेताच्या छोट्या किनाऱ्यावर आडोशाला बसा. दुपारचे जेवण अडीचच्या आत मागू नका, वेटर तुमच्याकडे आजारी माणसाकडे पाहावे तसे पाहील. सोमवारी मासळीच्या भानगडीत पडू नका, रविवारी होड्या घरी असतात. आणि आमच्या कादिसच्या बाजारात रांग शोधू नका. गाळ्यापाशी जायचे आणि मोठ्याने विचारायचे, "शेवटचं कोण?" कोणीतरी "मी" म्हणेल. तो चेहरा लक्षात ठेवायचा, त्याच्यामागून तुमचा नंबर. मग खुशाल गप्पा मारा, कॉफी पिऊन या.

ही चौथी गोष्ट मी बिर्गितला सांगायलाच नको होती.

बिर्गित डेन्मार्कची. माझ्याच वयाची, माझ्यासारखीच एकटी, पण चालायची अशी की जणू जिना नेहमी उतरतीचाच आहे. मे महिन्यापुरती माझी मागची खोली तिने घेतली होती. एकदा सांगितले की तिला पाठ. दुसऱ्याच दिवशी अडीचला जेवली, तिसऱ्या दिवशी रात्री दहाला. मला कौतुक वाटले. माझे मेलीचे नशीब, मला कौतुक वाटले.

आता मासळीवाल्या हेनारोबद्दल सांगायला हवे. माझा नवरा वेल्व्हा गावच्या एका बाईबरोबर निघून गेला. समुद्राने नेला असता तर निदान चर्चमध्ये मेणबत्ती तरी लावली असती. त्यानंतर पुरुष ही जातच मी चुलीत घातली होती. मग हेनारोची बायको वारली, तो महिनाभर गाळा बंद ठेवून पुन्हा आला, आणि एका दुपारी बांगडे साफ करता करता स्वतःशी गुणगुणला. तिथे माझे सगळे बिघडले.

तेव्हापासून नऊ वर्षे मी बाजार मिटायच्या सुमाराला जाते. "शेवटचं कोण?" विचारते आणि उभी राहते. माझ्यामागून कोणी येऊन तेच विचारले की म्हणते, "मी. पण तू हो पुढे, मला घाई नाही." असे एकेकाला पुढे घालत घालत शेवटी मी आणि हेनारो एवढेच उरतो. तो ओटा धुतो, मी उभी असते. वाऱ्यावर बोलतो, त्याच्या गुडघ्यावर बोलतो, कार्निव्हलमध्ये यंदा कुठल्या गाणाऱ्या मंडळाने नाक कापून घेतले त्यावर बोलतो. मग तो उरलेली मासळी कागदात बांधून देतो. दिवसभरात मला हवे असते ते तेवढेच. त्या माणसावर माझे प्रेम होते आणि ते सांगायला मी उद्याची वाट पाहत होते.

बाजारात हे सगळ्यांना ठाऊक होते. समोर ऑलिव्ह विकणारी कासिल्दा तर तोंडावर म्हणायची, "अगं, तू अशीच सगळ्यांना पुढे घालत राहा. उद्या तुझ्या मयतीतसुद्धा पेटीतून म्हणशील, तुम्ही व्हा पुढे!"

"बोलेन गं. पळून चाललाय का तो?"

"बोलणाऱ्याची माती खपते, पोरी. न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं."

त्या मंगळवारी शेवटची म्हातारी लेपे मासे घेऊन निघाली. हेनारोने पाण्याची नळी उचलली. मी केस मागे सारले. एवढ्यात पाठीमागून खणखणीत आवाज आला, थेट आमच्या गल्लीतल्या ढंगात, "शेवटचं कोण?"

बिर्गित, हातात टोपली घेऊन. बाजारात हा प्रश्न आला की गप्प बसता येत नाही.

"मी," मी म्हणाले. "पण तुम्ही व्हा पुढे. मला घाई नाही."

"छे छे, एलोईसाबाई! तुम्हीच शिकवलंत ना? नंबर म्हणजे नंबर!"

कासिल्दाने टाळ्या पिटल्या. हेनारो हसला. "शाब्बास! हिला कादिसचीच करून टाका." मग माझ्याकडे वळून, "बोल एलोईसा, काय देऊ?" नऊ वर्षांत पहिल्यांदा मी गिऱ्हाइकासारखी मासळी घेतली आणि बाजूला झाले. आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेणे म्हणतात ते हे.

कासिल्दाच्या गाळ्यावर ऑलिव्ह निवडायचे सोंग करत मी पाहत राहिले. तो बर्फावर बोटाने तिला माशांची चित्रे काढून दाखवत होता. चित्रे! मला कधी एक शेपूटही काढून दाखवले नव्हते. तो ओटा धूत होता आणि ती माझ्या जागेवर, माझ्या फरशीवर उभी होती. आयत्या बिळावर नागोबा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बुधवारी मी आणखी उशिरा गेले. ती त्याहून उशिरा आली. "ही वेळ किती शांत असते ना?" म्हणाली. जणू मला माहीतच नव्हते.

गुरुवारी पहाटे लेव्हान्ते सुटला. या वाऱ्यात माणसाचे डोके फिरते असे आम्ही म्हणतो, तेव्हा दोष त्यालाच द्या. नाश्त्याला बिर्गितने विचारले, "आज कालेताला जाऊ ना?" मी पावाला तेल लावत म्हणाले, "आज लांबचा किनाराच बरा. मोकळं वाटेल. संध्याकाळपर्यंत बसा."

दुपारी मी नव्या झग्यात बाजारात पोहोचले, तर बाईसाहेब हेनारोच्या गाळ्यामागे त्याच्या स्टुलावर बसलेल्या. केसांत वाळू, डोळे लालभडक. आणि हेनारो आपल्या पिण्याच्या पाण्याने, आपल्या हाताने तिचे डोळे धूत होता.

"हिला आज लांबच्या किनाऱ्यावर कोणत्या गाढवाने पाठवलं?" त्याने मला विचारले.

"असतात एकेक," मी म्हणाले.

बिर्गितने माझे नाव घेतले नाही. त्याचाही मला रागच आला.

शुक्रवारी संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायला बसली. "मी हेनारोला रविवारी कालेतावर वाइन प्यायला बोलावलंय," ती सहज म्हणाली. चार दिवसांच्या ओळखीत! माझ्या हातातली सुरी तिथेच थांबली.

"काय म्हणाला?"

"बघतो म्हणाला. चांगला माणूस आहे हो. तुमची किती काळजी करतो!"

"माझी?"

"हो. म्हणाला, बिचारी एलोईसा, एका खोलीच्या भाड्यावर भागवते. मासळी स्वस्त होईपर्यंत रोज उभी राहते, पण तोंडाने कधी मागत नाही. म्हणून तो सकाळीच चांगले लेपे बर्फाखाली लपवतो आणि उरलेत म्हणून तुम्हाला देतो." तिने बटाटा पाण्यात टाकला. "किती सुंदर ना?"

मला तिचा गळा धरावासा वाटला, मग हेनारोचा, मग माझा स्वतःचा. नऊ वर्षे मी प्रेमाने उभी होते आणि तो समजत होता की मी भाव उतरायची वाट पाहतेय! आणि ही बया हे समजून की न समजता, हसत हसत बटाटे सोलत होती. रविवारी ती त्याला घेऊन जाणार आणि मी बर्फाखालचे लेपे खाणार.

शनिवारी मी बाजार उघडतानाच गेले. निळे कानातले घातले होते. गाळ्यांची शटर नुकतीच वर चढत होती. हेनारो बर्फ पसरत होता. मला पाहून त्याचे फावडे थांबले.

"एलोईसा? एवढ्या सकाळी? कोण गेलं?"

"कोणी नाही. लेपे दे. बर्फाखालचे नकोत, वरचे दे. पूर्ण भावाने."

त्याचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. "तुला कोणी सांगितलं... अगं, दुपारी ये ना, दुपारी..."

"दुपारी मी स्वस्त मासळीसाठी येत नव्हते, हेनारो. एक दिवससुद्धा नाही."

तो हातात लेपा घेऊन तसाच उभा राहिला. समोर कासिल्दाच्या हातातले झाकण पडले आणि गरगरत राहिले. यापुढचे वाक्य मी नऊ वर्षे घोकले होते, पण ते काही केल्या येईना. शेवटी त्या जागेवर तोंडाला जे सवयीचे होते तेच बाहेर पडले.

"शेवटचं कोण?"

आसपास चिटपाखरू नव्हते. हेनारोने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. लेपा खाली ठेवला, ॲप्रनला हात पुसले, ओट्याला वळसा घालून बाहेर आला आणि गिऱ्हाइकांच्या बाजूला, माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"मी," तो म्हणाला. "आणि मला घाई आहे."