हिरव्या गाडीचा कोरा रकाना

मसुदा पहिला

विश्वासार्हता. हिरवी: अकरा वर्षांत एकही बिघाड नाही. निळी: माहिती मागवली आहे. करडी: माहिती मागवली आहे.
शिफारस: हिरवी, तीन नग.

एवढं लिहायला मला वीस मिनिटं लागली, त्यातली दहा पेन शोधण्यात गेली.

आमचं गोदाम कागदाच्या रिळांचं. एकेक रीळ टनभर वजनाचा, त्यामुळे सगळं काम फोर्कलिफ्टवर. फोर्कलिफ्टला इथे कोणी फोर्कलिफ्ट म्हणत नाही. गाडी म्हणतात, आणि कंपनीच्या नावाऐवजी रंग सांगतात. नदीपलीकडे दुसरं गोदाम सुरू होणार होतं, त्यासाठी तीन गाड्या घ्यायच्या होत्या. साहेबांनी खरेदी विभागाकडे, म्हणजे माझ्याकडे, तुलना मागितली. तीही दोनच बाबतींत: गाडी किती टिकते, आणि बंद पडली तर डीलर किती लवकर धावून येतो.

हिरवी आमच्याकडेच होती. तिच्या रजिस्टरमधला 'बिघाड' हा रकाना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरा.

रजिस्टर मामांचं. मामा गोदामाचे मेकॅनिक, आणि माझ्या आईचे सख्खे भाऊ. घरी मी त्यांना अरे-तुरे करते, इथे अहो-जाहो. चार महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. साहेबांनी दारावर लावायला पाटी करायला टाकली होती: 'अकरा वर्षं, शून्य बिघाड'. खाली गाडीला टेकून उभ्या मामांचा फोटो. फोटोच्या दिवशी मामा मिशीला कलप लावून आले. मामी म्हणाली, आमच्या लग्नात एवढं केलं नव्हतं.

मसुदा दुसरा

डीलरची सेवा.

हा रकाना माहितीपत्रकांवरून भरण्यात अर्थ नव्हता. तिघांच्याही माहितीपत्रकात तोच हसरा माणूस होता. म्हणून शनिवारी दुपारी, सगळे घरी जायच्या घाईत असताना, तिघांना फोन केला. एकच प्रश्न: समजा काटे वर गेले आणि वरच अडकले, काट्यांवर टनभराचा रीळ आहे, तर तुमचा माणूस किती वेळात येईल?

करडीवाल्यांनी मला तीन टेबलांवर फिरवलं आणि शेवटी तक्रार क्रमांक दिला. माझी तक्रार नव्हतीच, हे ऐकून घ्यायला कोणी थांबलं नाही.

निळीवाल्या बाईंनी आधी विचारलं, खाली कोणी उभं नाही ना? समजा म्हटलंय, असं मी सांगितलं, तरी त्यांचा आवाज लगेच सैल झाला नाही. चार तास, म्हणाल्या, रविवार असेल तर सहा. येणाऱ्या मेकॅनिकचा नंबरही दिला. मी खोडसाळपणे त्यालाही फोन लावला. त्याने उचलला. जेवत होता.

हिरवीचा डीलर मनापासून खूश झाला.

"मॅडम, अकरा वर्षांत तुम्ही एक पार्ट मागवला नाहीत. आम्हाला वाटलं, गाडी विकून टाकली."

माणूस किती वेळात येईल, ते त्याला सांगता आलं नाही. त्यांचा मेकॅनिक दोन वर्षांपूर्वी सोडून गेला होता. बघतो, म्हणाला, कोणालातरी पाठवतो.

फोन ठेवला आणि मी समोरच्या रजिस्टरमधल्या कोऱ्या रकान्याकडे बघत बसले. दिवसाला दोनशे वेळा टनभर वजन उचलणारी गाडी. अकरा वर्षांत तिला एक सील लागलं नाही? एक होज? ब्रेकचं एक लायनर? मी फार हुशार नाही, पण इतकी भोळीही नाही.

मसुद्यात नसलेलं

सोमवारी मामांच्या कोपऱ्यात गेले. आडवळणाने विचारायचं ठरवलं होतं, पण मामांसमोर मला ते कधी जमलेलं नाही. गाडी कधीच बिघडली नाही का, म्हणून सरळ विचारलं. नाही, म्हणाले. मग सील कुठून आणता, विचारलं. बाजारातून, म्हणाले, आणि बाजारात नसलं की घरी कापतो. होज जुन्या ट्रकचे. बेअरिंग ओळखीच्याकडून.

"मग हे बिघाड नाहीत?"

"दुरुस्त झाली ना? मग बिघडली कुठे?"

मामांचा नियम असा होता: पाळी संपताना गाडी बंद पडून उभीच असेल, तर लिहायचं. आणि पाळी संपताना ती उभी राहू नये म्हणून मामा रोज एक तास आधी येत, एक तास उशिरा जात, दुपारचा डबा तिच्या पोटाखाली पडून खात. हिरवी चालवणाऱ्याला सगळे पायलट म्हणतात. तो शेजारीच टायरवर बसला होता. म्हणाला, मामा तिला रोज सलाइन लावतात, म्हणून ती आमच्यासमोर हसते.

मामा हसले नाहीत. मीही नाही. मी त्यांना सांगितलं की पलीकडच्या गोदामात तुम्ही नसणार. तिथे तीन हिरव्या येतील, मेकॅनिक नसलेला डीलर असेल, आणि वर अडकलेल्या रिळाखाली कुणीतरी पायलट डीलरचं 'बघतो, बघतो' ऐकत उभा असेल.

मामा बराच वेळ हात पुसत राहिले. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"म्हणजे तुझ्या मामाने अकरा वर्षं खोटं लिहिलं, असं लिहिणार तू?"

"खोटं नाही. लिहिलंच नाहीस तू."

गोदामात मी त्यांना पहिल्यांदाच तू म्हणाले. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, कळलं नाही. पाटी रद्द करायला सांग मग, एवढं बोलून ते उठले.

दोन दिवस मामा माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी मामीचा फोन आला: काय केलंस त्याला? आमटी अळणी झाली तरी मुकाट जेवला.

मसुदा तिसरा

हिरवी: नोंदी अपुऱ्या असल्याने निष्कर्ष काढता येत नाही.

वाक्य खरं होतं. कोणाला लागण्यासारखं नव्हतं. आणि साहेब ते वाचून हिरवीच घेणार, हे मला पक्कं माहीत होतं. मी ते पाठवलं नाही. फाडलंही नाही.

गुरुवार

सकाळी आले तेव्हा पायलट गाडीबाहेर उभा होता आणि मामा खडू घेऊन गाडीभोवती फिरत होते. उजव्या सिलिंडरवर फुली. साखळीवर फुली, साखळीच्या पिनवर वेगळी फुली. होज, होज, होज. स्टार्टर. मागच्या चाकाचं बेअरिंग, दोनदा, म्हणून दोन फुल्या. ब्रेक. रेडिएटरचं झाकण, जे मुळात एका पंपाचं होतं. मामा गुडघ्यावर बसत, वाकत, आत हात घालत. जिथे खडू पोहोचत नव्हता तिथे बाहेर बाण काढत. मी वही घेऊन मागोमाग फिरले. एकेक फुली उतरवून घेतली. हिरवी हळूहळू पांढरी होत गेली. फाटकात ट्रक येऊन थांबला, ड्रायव्हरने हॉर्न दिला, पायलटने त्याला हाताने थोपवलं.

साहेब आले, तेव्हा माझ्या वहीत एक्केचाळीस फुल्या झाल्या होत्या.

"हे काय चाललंय?"

"बिघाड आहेत, साहेब," मामा म्हणाले. "माझ्याकडून लिहायचे राहिले होते."

साहेबांनी एक फेरी मारली. एका फुलीवर बोट ठेवलं, बोटाला लागलेला खडू बघितला. पाटी रंगवून झालीय, असं काहीतरी पुटपुटले. मग माझ्याकडे वळून, अहवाल दुपारपर्यंत द्या, म्हणाले आणि आत गेले.

मसुदा चौथा

विश्वासार्हता. हिरवी: अकरा वर्षांत किमान एक्केचाळीस दुरुस्त्या. सर्व एकाच माणसाने, डीलरच्या मदतीशिवाय. हा माणूस गाडीबरोबर मिळत नाही.
शिफारस: निळी, तीन नग.

पाठवण्याआधी कागद मामांकडे नेला. त्यांनी चष्मा लावला, सावकाश वाचलं, शेवटच्या ओळीवर जरा जास्त थांबले. मग परत वर गेले.

"बेचाळीस कर," ते म्हणाले. "सीट राहिली. ती मी घरी नेऊन शिवली होती."

मी खोडून बेचाळीस केलं.

"आणि ते 'किमान' आहे ना, ते राहू दे."