प्रेशराच्या गोळ्या

"कसल्या गोळ्या घेतो हा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"प्रेशराच्यो," रुक्मिणीनं सांगितलं. हे उत्तर आता तिच्या जिभेवरच बसलं होतं.

खाटेवर तिचा मुलगा शिवदास थरथरत पडला होता. बोलणं जड झालेलं, सकाळपासून उलट्या. शेजारच्या खाटेशी त्यांच्याच हळर्ण गावातल्या दोन बायका कान टवकारून बसल्या होत्या. दुसऱ्याच्या दुखण्यात रस कुणाला नसतो? एरवी रुक्मिणीलाही असायचा.

"म्हणान मी तेंका मीठ बंद केलंय, डॉक्टर," सून विमला म्हणाली. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. "लोणचा नाय, सुको बांगडो नाय. पेजेतसुद्दां मीठ नाय." सांगताना तिला जरा अभिमानच वाटत होता.

"पण प्रेशर तर कमीच आहे याचं. गोळीचं नाव काय?"

रुक्मिणीनं शेजारच्या खाटेकडे पाहिलं.

शिवदास तुयेच्या कारखान्यात कामाला. मागे एकदा त्याची झोपच उडाली आणि तो फाटकावर उभा राहून भाषणं करू लागला. म्हापशाच्या डॉक्टरांनी लिथियम दिलं, तेव्हा कुठे पोर माणसात आलं. रक्त वेळेवर तपासायचं आणि मीठ-पाणी एकदम तोडायचं नाही, नाहीतर औषध अंगात साचून विष होतं, असं त्यांनी दहादा बजावलं होतं. पण अशाला मुलगी कोण देणार? म्हणून गोळ्या प्रेशरच्या झाल्या. लग्नानंतर रक्त तपासणंही थांबलं; सुनेनं कशाला म्हणून विचारलं तर? विमलेनं ताटातलं मीठ उचललं तेव्हा रुक्मिणी तिथेच उभी होती. नको म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. शिवदासही मुकाट्यानं अळणी जेवला.

"मावशी, लवकर सांगा."

"जरा भायर येशात?" रुक्मिणी कुजबुजली.

तेवढ्यात शिवदासच्या हाताला मोठा झटका आला.

"प्रेशराच्यो न्हय त्यो!" ती ओरडलीच. "लिथियम. मनाच्या दुखण्याच्यो. मीठ बंद करूचा नाय होता."

शेजारच्या खाटेशी बसलेल्या दोघींनी माना वळवल्या. डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं, रक्त घेतलं, मोठ्या इस्पितळात न्यायला गाडी मागवली. विमला मात्र सासूकडे बघत राहिली होती.

"माका सांगला असता तर मी खंय पळान जातलंय, आई? माझ्याच हातान तुमी तेंका..."

रुक्मिणी शरमेनं मेल्यासारखी झाली. आजवर ती लोकांना लाजत आली होती. त्या दोन बायकांचं आता तिला काहीच वाटेना. पण या पोरीसमोर मान वर होईना.

गाडीत सोबत एकालाच जागा होती. सवयीनं रुक्मिणीनं पाय उचलला, पण विमला आधीच आत चढली होती. शिवदासचा हात धरून तिनं दाराकडे पाहिलं.

"आजून कायेक लपवन ठेवलात? आताच सांगा."

"नाय गो बाय. काय एक नाय."

हे खरं होतं. पण विमलेला ते खरं वाटलेलं नाही, हे रुक्मिणीला तिच्या डोळ्यांत दिसलं. मग कुणीतरी दार ओढून घेतलं.