फळ्यावरचा पांढरा क्रौंच

थंडी पडली की जुन्या खाणीच्या तळ्यावर पाहुणे पक्षी उतरत आणि वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर खडू झिजू लागे. तारीख, वेळ, पक्षी, किती, कुणी पाहिला. शनिवारी ग्रंथपालबाई तो सगळा मजकूर वहीत उतरवून घेत आणि आठवड्यातला सर्वांत दुर्मीळ पक्षी ज्याला दिसला, त्याचं नाव फळ्यावर वरच्या चौकटीत लिहीत. चौकट ती केवढी, तर वीतभर. पण तेवढ्या जागेसाठी पिकल्या केसांची माणसं कानटोप्या चढवून सकाळी सकाळी चिखलात पोटावर सरपटत.

घड्याळं दुरुस्त करणारे टिकटिकराव त्यांतलेच. चौकट सलग तीन आठवडे निवृत्त पोस्टमास्तरांकडे होती. कधी चक्रवाक, कधी दलदल ससाणा, आणि आता तर पट्टकादंब हंस, तेही चार! टिकटिकरावांच्या नशिबी मात्र धोबी आणि शेकाट्या. म्हणजे तळ्यावर जाऊन डोळे मिटून उभं राहिलं तरी पायात येतील असे पक्षी. वर मास्तर दुकानात डोकावून विचारायचे, "काय टिकटिकराव, आज किती धोबी?"

चौथ्या शनिवारी टिकटिकरावांनी खडू उचलला आणि एका दमात लिहिलं, "पांढरा क्रौंच. जोडी. आज सकाळी साडेसहा."

त्या भागात हयात असलेल्या एकाही माणसानं तो पक्षी पाहिला नव्हता. मास्तरांचा चेहरा पावसात भिजलेल्या पाकिटासारखा झाला. चौकट टिकटिकरावांची झाली, आणि आठवडाभर ते दुकानाची पायरीसुद्धा छाती काढून चढले.

पुढच्या सोमवारी तळ्याच्या काठावर नोटीस लागली. तळं बुजवून तिथे ट्रक उभे करायची जागा होणार होती. ग्रंथपालबाईंनी दोन दिवसांत अर्ज लिहिला, सहा हिवाळ्यांच्या सहा वह्या त्याला जोडल्या आणि स्वतः कचेरीत नेऊन दिला. परतताना त्या घड्याळाच्या दुकानात शिरल्या.

"रविवारी दहा वाजता पक्ष्यांच्या जाणकार प्राध्यापिका वह्या तपासायला येताहेत. त्या हो म्हणाल्या तरच तळं राहील. तुमचा क्रौंच अर्जाच्या पहिल्या ओळीत घातलाय हं मी. तळं वाचलं तर तुमच्यामुळे."

बाई गेल्या, आणि टिकटिकरावांच्या हातातला तिळाएवढा स्क्रू जो खाली पडला, तो आजतागायत सापडलेला नाही.

त्या आठवड्यात त्यांनी सात घड्याळं दुरुस्त केली आणि सातही सात वेगवेगळ्या वेळा दाखवत घरोघरी गेली. बसलं की उठावंसं वाटे, उठलं की कुठे जावं कळेना. मग दुकानाला कुलूप लावून ते तळ्यावर जात. सकाळी जात, दुपारी जात. न जाणो, खरंच आला तर! एकदा पलीकडच्या वेताच्या झुडपात काहीतरी पांढरं हललं. टिकटिकराव गुडघाभर पाण्यातून धावत गेले. सिमेंटची रिकामी पिशवी होती. त्या पिशवीकडे त्यांनी ज्या मायेनं पाहिलं, तसं लग्नात बायकोकडेही पाहिलं नसेल.

बायकोनं ओल्या विजारी मोजल्या. शनिवारी दुपारी तिनं विजार दोरीवर टाकता टाकता विषय काढला.

"अहो, तो क्रौंच कुठल्या शनिवारी दिसला म्हणालात?"

"मागच्याच्या मागच्या."

"साडेसहाला?"

"हो. का?"

"काही नाही. साडेसहाला तुम्ही पालथे पडला होतात आणि मी तुमची कंबर शेकत होते. खिडकीतून आला असेल."

टिकटिकराव खुर्चीवरून उठले, दारापर्यंत गेले, परत आले. "अगं, पण आता ती थाप कामाला येतेय ना! तळं वाचतंय तिच्यानं. चांगल्या कामासाठी एक पक्षी जास्त झाला तर कुणाचं काय बिघडलं?"

"तुमच्याकडे गिऱ्हाईक घड्याळ घेऊन येतं आणि सांगतं, की बाकी सगळं ठीक आहे, फक्त चारच्या ऐवजी नऊ वाजतात. तुम्ही काय सांगता त्याला?"

"की उरलेल्या अकरा तासांवरही भरवसा ठेवू नका."

"मग?" बायकोनं शेवटचा चिमटा लावला. "सहा वर्षं ज्यांनी खरे पक्षी लिहिले, त्यांचा विचार करा. तुम्ही स्वतः लिहिलेल्या धोब्यांचा करा. ते काही खोटे नव्हते."

रविवारी वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. प्राध्यापिका कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी सहावी वही उघडली, थांबल्या आणि चष्मा वर केला.

"हा क्रौंच कुणी पाहिला?"

सगळ्या माना टिकटिकरावांकडे वळल्या. बाई तर हसत होत्या.

"चेहरा कसा होता त्याचा?"

उत्तर त्यांना तोंडपाठ होतं. लाल. पाय गुलाबी, उडताना पंखांची टोकं काळी. पाठीमागच्याच कपाटातल्या पुस्तकात वाचलं होतं. नुसतं तोंड उघडायचं होतं, की तळंही त्यांचं आणि चौकटही. त्यांनी खिशातलं भिंग काढलं, पुसलं, परत ठेवलं, आणि उठून उभे राहिले.

"मी तो पाहिलेलाच नाही. तेव्हा मी घरी झोपून होतो. चौकटीसाठी लिहिलं. गेल्या हिवाळ्यातला एक गरुडही तसाच आहे. दोन्हींवर काट मारा."

बाईंचं हसू जागच्या जागी गोठलं. मागून कुणीतरी म्हणालं, "घालवलं तळं!" टिकटिकराव मान खाली घालून उभे राहिले. तेवढ्यात खुर्ची सरकली. मास्तर उठले होते.

"माझ्या चार हंसांतली दोन वस्तीतली पाळीव बदकं होती," ते म्हणाले. "धुकं होतं खरं. पण मला ठाऊक होतं."

मग आणखी काहीजण उठले आणि अशा पाच नोंदी कटल्या. प्राध्यापिकांनी स्वतःच्या पेनानं काट मारली, प्रत्येकाची बाजूला सही घेतली आणि वही पुन्हा पहिल्या पानापासून उघडली.

"क्रौंच पाहिल्यावर मी वह्या मिटून निघणार होते. अशी एक नोंद दिसली की बाकीच्या वाचण्यात अर्थ नसतो," त्या म्हणाल्या. "आता वाचते."

त्यांनी दुपारपर्यंत वाचलं. मग सगळ्यांना घेऊन तळ्यावर गेल्या आणि तिन्हीसांजेपर्यंत मोजत बसल्या. चक्रवाक होते, तलवार बदकं होती, शेकाटे होते. धोबी तर इतके, की मास्तरांनीच कंटाळून मोजणी टिकटिकरावांवर सोपवली. पंधरा दिवसांनी नोटीस उतरली. प्राध्यापिकांनी अहवालात लिहिलं होतं, की सहा हिवाळे न चुकता नोंदलेले साधे पक्षी हाच या तळ्याचा पुरावा आहे.

मंडळी, फळा फक्त वाचनालयाच्या दारात नसतो. आपण कुठे ना कुठे रोज काहीतरी नोंदवतो, आणि शेजारी त्यावर विश्वासून आपलं खरं त्याखाली लिहितो. आपली एक थाप सगळ्यांच्या खऱ्याला खोटं पाडते. तेव्हा चौकट मिळो न मिळो, दिसलं तेवढंच लिहावं.

चौकट बाईंनी त्यानंतर पुसूनच टाकली. हिवाळा सरताना एका सकाळी टिकटिकरावांच्या डोक्यावरून काहीतरी मोठं, पांढरं, लांब मानेचं उडत गेलं. पंखांची टोकं काळी असावीत असं वाटलं. ते धापा टाकत फळ्यापाशी आले, खडू हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले आणि लिहिलं, "एक मोठा पांढरा पक्षी. नीट दिसला नाही. धोबी सतरा."