रुपीबाईंच्या दारचा नगारा

सेवालाल महाराजांच्या जयंतीला बंजारा तांड्याचा नगारा दरवर्षी नायकाच्या, म्हणजे तांडाप्रमुखाच्या घरातून निघे; तो त्या घरच्या रुपीबाईंच्या ताब्यात असे. सारा तांडा त्यांना याडी, म्हणजे आई म्हणे. यंदा नगारा न्यायला तरुण मंडळाचा अध्यक्ष डोंगरसिंग आला. सोबत रुपीबाईंचा मुलगा राजकुमारही होता.

"याडी, नगारा द्या. भोगाची वेळ झाली."

"वाजवणार कोण? शामच ना?"

"शामले मंडळातून काढलं. पोरगा असून पोरावर पिरेम करते, अन् वरून तोंडानं सांगते. देवाच्या कामात हे चालत नाही."

रुपीबाई संतापल्या. शामने, त्यांच्या नातवाने, ही गोष्ट प्रथम त्यांनाच सांगितली होती. त्या दिवशी त्यांनाही ती पटली नव्हती; परंतु त्याला पंगतीतून उठवावे, असे त्यांच्या मनातही आले नव्हते.

"देवानं तुले येऊन सांगतलं का रे? दारू ढोसून भोगाले बसता, तवा कोठी जाते तुमचा देव?"

"याडी, लोक हसून राह्यले आपल्याले," राजकुमार पुटपुटला.

"हसू दे. तू शामचा बाप हायेस का मंडळाचा चपराशी?"

राजकुमारने मान फिरवली आणि नगारा न घेताच तो डोंगरसिंगामागे चालता झाला.

रुपीबाईंनी स्वतःच्या अंगणात विस्तव पेटवला, त्यात वाहायची भोगाची लापशी आणली आणि शामला बोलावून नगारा त्याच्यापुढे ठेवला.

"दादी, कोणीच येणार नाही," तो म्हणाला.

"नोको येऊ. वाजव तू. तुया बापाले मंडळाच्या भोगापाशी आयकू गेलं पायजे."