अंगणातलं जिल्हा न्यायालय स्टेशन

निकिताला नववा लागला आणि वालूरच्या घरात एकच प्रश्न उरला. कमलबाई लेकीकडे पुण्याला एकट्या जाणार, की सोबत किशनराव जाणार?

किशनराव म्हणजे कमलबाईंचे धाकटे दीर. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी लग्नाच्या पंगतीत लोकांना "पुढं सरका, पुढं सरका" म्हणत.

"मेट्रो म्हंजे काय पालमची यष्टी हाय का, वहिनी? मधी गाडी बदलायची. मी येतो संगं."

निकिताचं घर कासारवाडीला, पुणे स्टेशनवरून मेट्रोनं जायचं, आणि तेही दीड खोलीचं. त्यात बाळंतीण, बाळ, जावई, आई, आणि वर कंडक्टर. जावयाची सकाळपाळी, म्हणून स्टेशनवर घ्यायला कुणी नाही. तरी निकितानं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "आई, तू एकटीच ये. काकासमोर मला लाज वाटंल." हे दिराला कसं सांगावं? कमलबाई नुसतं म्हणाल्या, "मला येतंय जायला."

आबासाहेबांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, पेपरातून मान वर न काढता निकाल दिला, "किशननं पास केलं तर जा."

मग परीक्षा ठरली. राजेश्रीनं, किशनरावांच्या सुनेनं, मोबाईलवर नकाशा पाहून दिवाळीची उरलेली रांगोळी काढली. ओट्यावर निळी रेघ, तिचं टोक म्हणजे पुणे स्टेशन, आणि खाली अंगणात जांभळी. पुण्यातही निळी गाडी वर आणि जांभळी जमिनीखाली, असं तिचं म्हणणं. मधल्या तीन पायऱ्या म्हणजे जिल्हा न्यायालय स्टेशन. तिथं गाडी बदलायची. हौदाजवळ कासारवाडी. अंगणाचं लोखंडी फाटक ते स्टेशनाबाहेर पडायचं फाटक.

कमलबाई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन ओट्यावर उभ्या राहिल्या. गाडी आली असं राजेश्रीनं सांगताच त्यांनी हात केला.

"मोठ्या आई, ती हात न करता थांबती."

"नापास," किशनराव म्हणाले.

दुसऱ्यांदा त्या नीट बसल्या आणि शेजारच्या खांबाला म्हणाल्या, "कासारवाडी आली की सांगा बरं का बाबा."

"कुणाला सांगायलाव? तिथं कंडक्टर नसतोय," राजेश्री हसली.

किशनराव मात्र हसले नाहीत. "कंडक्टरच न्हाई? मग तिकीट कोण बघतं?"

"फाटक बघतंय, मामा."

"फाटक?" त्यांनी गेली चाळीस वर्षं उभ्या असलेल्या त्या गंजक्या फाटकाकडे असं पाहिलं, जसं काही त्यानंच त्यांची नोकरी घेतली होती. मग धोतर सावरून उठले. "सरका. मी दाखवतो कसं जायचं ते."

पुणे स्टेशनवर ते ऐटीत चढले. मंगळवार पेठेला उतरले नाहीत. जिल्हा न्यायालयाला उतरले, तीन पायऱ्या खाली आले, आणि जांभळी रेघ ओलांडून सरळ फाटकाबाहेर रस्त्यावर गेले. तिथून वळून त्यांनी राजेश्रीपुढं हात केला. "कासारवाडी एक."

प्रत्येक स्टँडावर गाडी बदलली की नवं तिकीट. एकतीस वर्षांत त्यांनी हेच पाहिलं होतं, हेच केलं होतं.

"मामा, तुमी बाहेर गेलाव की! तिकीट एकच असतंय. मधी बाहेर पडायचंच न्हाई."

कमलबाईंनी शांतपणे फाटकाला कडी घातली. "भावजी, ऱ्हावा आता कोर्टात."

मग त्या पुन्हा ओट्यावर गेल्या. बसल्या, उतरल्या, पायऱ्या उतरून जांभळ्या रेघेवर आल्या. शिवाजीनगर, खडकी, बोपोडी, दापोडी, फुगेवाडी, आणि हौद. कुणालाही काही विचारलं नाही. डबा हौदावर ठेवून त्यांनी फाटकाकडे पाहिलं.

गजांतून किशनराव म्हणाले, "पास. कडी काढा."

परभणीला रेल्वेत बसवायला तेच आले. खिडकीतून रुमाल टाकून जागाही धरली. ती जागा रिझर्व्हेशनची होती हे कमलबाईंनी त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "भावजी, पोचले. पोरगी बरी हाय."

"अन् फाटक?"

"उघडलं की."

"तिकीट बघितलं का त्यानं?"

"बघितलं. पर नुसतं बघितलं. फाडलं न्हाई, का भोक पाडलं न्हाई."

किशनरावांनी अंगणातल्या फाटकाकडे एकदा पाहिलं.

"नवीन हाय अजून," ते म्हणाले. "शिकंल."