आठ कामाचे

वहिनीला व्हिडिओ एडिटिंगसाठी सुटे भाग घेऊन नवा कॉम्प्युटर जोडून घ्यायचा होता आणि तिचे धाकटे भावजी सोळा कोअरच्या प्रोसेसरवर अडून बसले होते. "वहिनी, घ्यायचं तर दणदणीतच घ्या," दुकानात शिरतानाही त्यांचं पालुपद चालूच होतं. पण दाणा चाखल्याशिवाय मटारच्या शेंगासुद्धा न घेणारी बाई ती. आपला सगळ्यात जड व्हिडिओ पेनड्राइव्हवर बरोबर घेऊन आली होती.

दुकानदाराने तो दोन मशीनवर एकदमच लावला, एक सोळा कोअरचं, दुसरं निम्म्या किमतीचं आठ कोअरचं. भावजी सोळाजवळ असे उभे राहिले, जणू शर्यतीतला घोडा त्यांचाच. सोळा जिंकलंही, पण जेमतेम नखभर.

"तुमचं सॉफ्टवेअर आठांनाच राबवतं," दुकानदार म्हणाला. "बाकीचे नुसते बसून राहतात."

"बसून राहणारे घरात एक आहेत, तेवढे पुरेत," भावजींकडे बघत वहिनी म्हणाली. "आठवालाच द्या."

सगळ्यात मोठ्याने भावजीच हसले. मग प्रोसेसरचं ते तळहाताएवढं खोकं दोन्ही हातांनी उचलत म्हणाले, "चला, आजपासून मीही कामाला लागलो."